डार्विन, फिंच आणि चोचींची दंतकथा

पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवर डार्विनने फिंच पक्ष्यांच्या चोची पाहिल्या आणि जागच्या जागी त्याला उत्क्रांती उमगली, ही गोष्ट शाळेपासून कानावर पडते. छान आहे, पण खरी नाही.

१८३५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो तिथे होता, तेव्हा हे सगळे फिंच एकमेकांचे भाऊबंद आहेत हेच त्याच्या ध्यानात आलं नाही. एकाला तर तो रेन नावाचा वेगळाच छोटा पक्षी समजला. कोणता नमुना कुठल्या बेटावरचा, याच्या चिठ्ठ्याही धड लावल्या नाहीत. पुढे त्याच्या जहाजावरच्या इतरांनी गोळा केलेल्या नमुन्यांवरून जुळवाजुळव करावी लागली. बेटागणिक फरक त्याला जाणवला तो मॉकिंगबर्ड या दुसऱ्याच पक्ष्यांमध्ये. फिंचांचा गुंता सोडवला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने, जानेवारी १८३७मध्ये, लंडनमध्ये बसून.

पुरता सुटला म्हणावं, तर तसंही नाही. गॅलापागोसमधल्याच डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३पासून कित्येक दशकं निरीक्षणं केली. तिथे मध्यम चोचीचा जमिनीवरचा फिंच आणि निवडुंगावरचा फिंच यांचा अधूनमधून संकर होतो, आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. मग जाती वेगळ्या कशा? तरी बहुतेक तज्ज्ञ वेगळ्याच धरतात, कारण नर बापाचं गाणं उचलतो आणि जोड्या सहसा त्या गाण्यावरूनच जमतात. आणि हो, हे ‘फिंच’ आता टॅनेजर या वेगळ्याच पक्ष्यांच्या कुळात मोडतात.