माणूस दापोलीचा, फोटो गिरगावचा

कोकणातलं कुठलंही जुनं कौलारू घर घ्या, ओटीवर बसलात की समोरच्या भिंतीवर एक फोटो असतोच, दोरीवर थोडा पुढे झुकवून लावलेला, पगडी नाहीतर काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, एक हात खुर्चीच्या दांड्यावर. हे आमचे पणजोबा, कोणी वकील होते, कोणी मामलेदार, कोणी गिरणीत जॉबर, म्हणजे काहीतरी मोठे होतेच. पुढच्या वेळी बघाल तेव्हा पणजोबा राहूदेत, खालचा पुठ्ठा बघा. स्टुडिओचं नाव छापलेलं असतं आणि बहुतेक वेळा गावाच्या जागी मुंबई असतं.

सध्या रत्नागिरीत आम्ही दोन-चार जण शहरातल्या वजनदार माणसांचे पोर्ट्रेट काढायच्या मागे लागलोय, शहर झपाट्याने बदलतंय तर तेवढ्यात काढून ठेवू म्हणून, आणि काम सुरू केल्यावर लक्षात आलं की इथं मोठ्या माणसाचा फोटो इथंच काढायची पद्धत तशी नवीच आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवात बाळशास्त्री जांभेकरांपासून करतो. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे, १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, १८४६ ला गेले. फोटोची कला पॅरिसात जाहीर झाली १८३९ ला, मुंबईत ती एकदोन वर्षांतच पोचली, म्हणजे ते हयात असतानाच कॅमेरा आला, तरी थोडक्यात चुकामूक झाली म्हणायची. आज पत्रकार दिनाला हार घालतात ते चित्राला.

पुढच्या आठ-दहा वर्षांत चित्र एकदम पालटलं. १८५४ ला बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, त्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते, त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी पण होते आणि ते तर स्वतः उत्तम फोटो काढायचे. दोघंही मूळचे गोव्याकडचे, शिकले वाढले मुंबईत. एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग पण निघाला, तिथं शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामणांनी पुढे मुंबईत स्वतःचा धंदा काढला. गिऱ्हाईक कोण, तर शेटजी, वकील, डॉक्टर, संस्थानिक. अडीच बाय चार इंचाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले छोटे फोटो तेव्हा जगभर चालायचे, लोक ते एकमेकांना द्यायचे, अल्बमात जमवायचे. आता व्हिजिटिंग कार्ड देतात ना, तसंच, फक्त चेहऱ्यासकट.

मग हे कॅमेरे रत्नागिरी-मालवणला का नाही आले? मला आधी वाटायचं पैसा नव्हता, तो नव्हताच म्हणा, पण त्याहून मोठी भानगड काचेची होती. तेव्हाची प्लेट म्हणजे काचेवर कोलोडियन नावाच्या चिकट रसायनाचा थर द्यायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ती ओली असेपर्यंतच फोटो काढून धुवून मोकळं व्हायचं, म्हणजे डार्करूम सोबतच हवी. आता हा सगळा काचसामान आणि औषधांचा संसार घेऊन बोटीने या, बोट धक्क्याला लागत नाही, समुद्रात उभी राहते, तिथून पडावात उतरा, पुढे बैलगाडी. त्यापेक्षा माणूसच मुंबईला जाणं सोपं, आणि तसाही तो जातच होता. १८८० नंतर तयार कोरड्या प्लेटा मिळायला लागल्या तेव्हा कुठे कॅमेरा गावोगाव फिरण्याइतका सुटसुटीत झाला, पण तोवर सवय लागून गेली होती की मोठं व्हायचं मुंबईत, फोटो काढायचा मुंबईत, आणि फ्रेम करून गावी पाठवायचा. मनिऑर्डरीसारखाच.

याचा कळस म्हणजे रँग्लर परांजपे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, १८९९ ला केंब्रिजात सीनियर रँग्लर म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, आणि १९०१ ला परत आले तेव्हा चौपाटीवरच्या त्यांच्या सत्काराचं चक्क चलचित्र काढलं गेलं, सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकरांनी, ज्यांचा मूळ धंदा फोटो स्टुडिओचा. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या बातमीपटांमध्ये ते धरतात. कोकणातला माणूस पडद्यावर हलला-चालला तो पण गिरगावातच!

रत्नागिरीपुरतं बोलायचं तर गंमत अजून वेगळी आहे. टिळक इथं जन्मले १८५६ ला, दहा वर्षांचे झाले आणि घर पुण्याला गेलं, त्यामुळे टिळक आळीतल्या वाड्यात जन्म आणि फोटो सगळे पुण्या-मुंबईचे. उलट जे दोन जगप्रसिद्ध चेहरे या गावात वर्षानुवर्षं राहिले त्यांना सरकारने आणून ठेवलेलं. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ ला आला, त्याच्यासाठी १९१० ला राजवाडा बांधून झाला आणि १९१६ ला राजा गेला. सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध. म्हणजे इथल्या मातीतला मोठा माणूस बाहेर आणि बाहेरचा मोठा माणूस इथं कैदेत, असला आमचा हिशोब. भागोजीशेठ कीरांसारखे मधले पण होते, जन्म इथला, पैसा मुंबईत कमावला, आणि १९३१ ला पतित पावन मंदिर बांधलं ते परत रत्नागिरीत येऊन.

आता माझ्या काकांच्या रत्नागिरीतल्या फोटो स्टुडिओवर येतो, कारण माझी खरी माहिती तिथली. १९६० नंतरचा काळ, बाजारात दहा बाय बाराची खोली, मागे डार्करूम, पडद्यावर रंगवलेला जिना आणि कुंडी. वकील, हेडमास्तर, बागायतदार, ट्रॉलरवाले आता इथंच बसायला लागले होते. पावसाळ्यात चार महिने नुसती बुरशीशी मारामारी, लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी यायची, म्हणून कपाटात रात्रंदिवस एक बल्ब पेटता ठेवायचा. रिटचिंग मी जवळून बघितलंय. निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवायची, खालून आरशाचा उजेड, आणि टोकदार शिसपेन्सिलने बारीक बारीक ठिपके. निगेटिव्हवर जिथं काळं होईल तिथं फोटोत पांढरं येतं, म्हणजे डोळ्याखालची खाच भरली की माणूस पाच वर्षांनी तरुण. गिऱ्हाईक जाताना हमखास सांगणार, “जरा गोरा येऊदे हो.” काका मान डोलवायचे आणि बागायतदारांना गोरं करायचे, हेडमास्तरांना नाही. का ते कधी सांगितलं नाही.

आणि कोट. स्टुडिओत एकच काळा कोट होता, पाठीत उभा कापलेला, म्हणजे जाड्याला पण बसायचा आणि बारक्याला मागून पिना लावायच्या. त्या कोटात शहरातली निम्मी प्रतिष्ठा बसून गेलीय.

१९९३ नंतर फोटोवाली मतदार ओळखपत्रं सुरू झाली आणि काका कॅमेरा घेऊन वाड्यावाड्यांतून फिरले. कित्येक बायकांचा एकटीचा असा तो पहिलाच फोटो, पदर नीट करेपर्यंत क्लिक झालेलं. त्यात मासळीबाजार एकहाती चालवणाऱ्या बायका होत्या ज्यांच्या शब्दावर भाव ठरायचा, पण त्यांना मोठं माणूस म्हणून खुर्चीत बसवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या यादीत त्या आहेत, उशिरा का होईना.

१९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, मग कलर लॅब, मग मोबाइल, आणि सगळ्यात शेवटी फ्लेक्स. फ्लेक्सने पोर्ट्रेटचा पार खेळ केला, ज्याचा फोटो मोठा तो साहेब, खाली दोन ओळी छोट्या मुंडक्यांच्या, सगळे हात जोडून, सगळ्यांचा चेहरा सारखाच गुळगुळीत. रिटचिंगच, पण पेन्सिल नाही आणि विचार पण नाही. बाकी शहर तुम्ही बघताच आहात, थिबा पॅलेस रोडला चिऱ्याची घरं जाऊन सोसायट्या आल्या, जुने फोटो माळ्यावरून थेट भंगारात. चिपळूणला तर २२ जुलै २०२१ च्या पुरात किती घरातल्या भिंती कोऱ्या झाल्या त्याची मोजदाद नाही. दुसऱ्यांना काय बोलू, स्टुडिओची बिल्डिंग पाडायच्या वेळी काकांचे निगेटिव्हचे खोके मीच “पावसाळा झाला की बघू” म्हणून पडवीत ठेवले. ऑक्टोबरात उघडले तर एकमेकांना चिकटून वीट झालेली.

कोट तेवढा वाचला. गेल्या आठवड्यात एका जुन्या ट्रॉलरवाल्यांकडे गेलो होतो, बनियनवर मस्त बसलेले, म्हटलं असेच काढूया, तर म्हणाले, “तुझ्या काकाचा कोट आहे काय अजून?” घरी येऊन ट्रंकेतून काढला, बुरशीचा वास मारत होता म्हणून अंगणात दांडीवर घातला, तर शेजारची पोरं विचारायला आली, याला पाठ का नाही.