शुएबिजिंग : अतिदक्षता विभागातील चिनी वनौषधी

शुएबिजिंग हे पाच वनस्पतींच्या अर्कांपासून तयार केलेले, शिरेतून द्यायचे चिनी औषध आहे. नावाचा अर्थ ‘रक्त नक्की शुद्ध होणार’ असा. चीनमधील अतिदक्षता विभागांत ते सेप्सिस आणि तीव्र न्यूमोनियाच्या रुग्णांना प्रतिजैविकांच्या जोडीने दिले जाते. यातला ‘जोडीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रतिजैविके, सलाईन, रक्तदाब टिकवणारी औषधे, व्हेंटिलेटर यांतले काहीही कमी न करता हे औषध वर दिले जाते.

सेप्सिसमध्ये रुग्णाला मारतात ते केवळ जंतू नव्हेत. जंतुसंसर्गाला शरीर जो बेताल प्रतिसाद देते त्यात सूज पसरते, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत एकामागून एक थकत जातात. थ्येनचिन शहरातील डॉक्टर वांग चिनदा यांना 1970 च्या दशकात हेच छळत होते : प्रतिजैविकाने जंतू मेले, तरी त्यांचे विष मागे उरते. ‘जंतू आणि विष, दोहोंवर एकाच वेळी उपचार’ हे त्यांचे सूत्र. त्यांनी आधार घेतला चीनच्या छिंग राजवटीच्या काळातील वैद्य वांग छिंगरन यांच्या, साचलेले रक्त वाहते करणाऱ्या काढ्याचा. हा काढा 1830 च्या ग्रंथात आहे. सार्सच्या साथीनंतर, 2004 मध्ये, चीन सरकारने शुएबिजिंगला मान्यता दिली.

त्यातील पाच घटक म्हणजे करडईची फुले, तांबडे पिओनी मूळ, छुआनश्युंग, दानशेन आणि दांगग्वे. पैकी पहिले आपल्या अगदी ओळखीचे. सोलापूर आणि मराठवाड्यात करडई तेलासाठी पेरतात आणि कोवळ्या पानांची भाजी करतात. चिनी वैद्यकात मात्र मान आहे तो तिच्या केशरी पाकळ्यांना. चिनी वैद्य या पाचही औषधींना ‘रक्त चालते करणाऱ्या’ म्हणतात. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर या मिश्रणाने दाह वाढवणारी द्रव्ये घटतात आणि रक्त गोठण्याची गडबड कमी होते, असे दिसले आहे. पाचांतले नेमके कोणते द्रव्य काय करते, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही.

प्रत्यक्ष खाटेशी हे अगदी साधे दिसते. पिवळसर तपकिरी द्रवाचे 100 मिली सलाईनमध्ये मिसळायचे, दर 12 तासांनी शिरेतून सोडायचे, असे पाच दिवस. मात्र हाच रंग चाचणीत अडचणीचा ठरतो. तुलनेसाठी दिलेले साधे सलाईन पाण्यासारखे असते, त्यामुळे कोणाला काय चालले आहे हे नळीकडे नुसते पाहूनही कळू शकते.

तरीही चाचण्या झाल्या, आणि मोठ्या झाल्या. तीव्र न्यूमोनियाच्या 710 रुग्णांवरील, 33 रुग्णालयांतील चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली : 28 दिवसांतील मृत्यू शुएबिजिंग गटात 15.9 टक्के, तर दुसऱ्या गटात 24.6 टक्के. त्यानंतर 45 अतिदक्षता विभागांतील सेप्सिसच्या 1817 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले : 18.8 विरुद्ध 26.1 टक्के. सेप्सिसमध्ये नवे औषध म्हणून पुढे आलेले कितीतरी उमेदवार चाचणीत आपटले आहेत, म्हणून सात टक्क्यांचा हा फरक फार मोठा आहे. इतका मोठा, की तो चीनबाहेरच्या रुग्णालयांतही दिसायला हवा. या दोन्ही चाचण्या चीनमध्येच झाल्या आहेत. दुसऱ्या देशांत, वेगळ्या हातांनी हीच चाचणी होत नाही तोवर घाई करू नये. पण ‘काढेच ते’ म्हणून हे आकडे झटकून टाकणेही अन्यायाचे आहे.

काळजी घ्यायला कारणेही आहेत. अनेक द्रव्यांचे मिश्रण थेट रक्तात सोडले की तीव्र ॲलर्जीचा धोका असतो. 2006 मध्ये चीनने यूशिंगत्साव या वनस्पतीची इंजेक्शने गंभीर प्रतिक्रियांमुळे थांबवली होती. दानशेन तोंडाने घेतल्यासही वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी घरून कोणता काढा चालू आहे ते डॉक्टरांना सांगणे अतिशय गरजेचे आहे, मग तो चिनी असो वा आपला.

अतिदक्षतेत वापरलेले चिनी औषध शुएबिजिंग हे एकटेच नाही. थ्येनचिनच्या नानकाय रुग्णालयात डॉक्टर वू शियेनचुंग यांनी पोटाच्या तातडीच्या विकारांत रेवाचिनी असलेले रेचक काढे शस्त्रक्रियेच्या बरोबरीने वापरले. शेनफू हे दुसरे इंजेक्शन शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळल्यावर, देतात. त्यात जिनसेंगबरोबर प्रक्रिया करून विष कमी केलेले बचनागवर्गीय मूळ असते. कच्चे मूळ हृदयाला जीवघेणे ठरते.

मिश्रण तसेच ठेवून वापरणे ही एक वाट. दुसरी वाट म्हणजे वनस्पतीतून एकच द्रव्य वेगळे काढणे, आणि अतिदक्षता विभागाला तिने जास्त दिले आहे. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी चौथ्या शतकातील ग्रंथातल्या छिंगहाव वनस्पतीच्या नोंदीचा माग काढत आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचे द्रव्य मिळवले. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यापासून बनवलेले आर्टेसुनेट तीव्र मलेरियात क्विनाइनपेक्षा जास्त जीव वाचवते, हे 2005 मध्ये भारतासह चार देशांत झालेल्या चाचणीत सिद्ध झाले. आज गडचिरोलीत मेंदूपर्यंत पोचलेल्या मलेरियाचा रुग्ण दाखल झाला, की त्याला हेच इंजेक्शन द्यायचे असते : आल्याबरोबर, 12 तासांनी, 24 तासांनी, आणि मग गोळी गिळता येईपर्यंत रोज एकदा.