कौल उतरले, स्लॅब चढला: सीमाभागातील घरे तापण्याची पार्श्वभूमी

गच्चीला चुना मारावा की शेडनेट बांधावे, कूलर घ्यावा की पंखे बदलावेत, ही चर्चा बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आता दर मार्चमध्ये सुरू होते. एसीशिवाय घर थंड ठेवण्याचे हे सगळे उपाय फिरून डोक्यावरच्या छपराशी येतात. त्यामुळे ही पार्श्वभूमी मुख्यतः छपराची आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३६ अंशांच्या आसपास जातो, पण पहाटेपर्यंत तो २०-२१ वर उतरतो. दिवस आणि रात्र यांतला हा पंधरा अंशांचा फरक हीच या भागाची खरी शिल्लक. जुनी घरे ती पुरेपूर वापरत. पश्चिमेला खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात जांभ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंती, उतरते पाखे, पुढे सोपा म्हणजे ओसरी, मागे परडे. पूर्वेला अथणीकडे वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, म्हणून तिथे लाकडावर पांढरी माती थापलेले माळवद. एकाच जिल्ह्यात ही दोन टोके आहेत आणि एकाचा उपाय दुसरीकडे लागू पडतोच असे नाही.

मंगळुरी कौले १८६० च्या दशकात जर्मन मिशनऱ्यांच्या कारखान्यांतून निघू लागली. १८८० च्या दशकात रेल्वे आली आणि घाटमाथ्यावर ही कौले मुबलक मिळू लागली. पुढे खानापूरच्या चिकणमातीवर कौलांचे आणि विटांचे कारखाने इथेच उभे राहिले. त्याआधीची नळीची कौले दर वर्षी पावसाच्या तोंडावर परतावी, म्हणजे काढून पुन्हा रचावी लागत. मंगळुरी कौल एकात एक अडकते, त्यामुळे ही मेहनत बरीच कमी झाली. बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या बंगल्यांचे उंच छत आणि खोल व्हरांडे पुढे शहरातल्या कचेऱ्यांनी, शाळांनीही घेतले. भिंतीत वर दोरीने उघडणाऱ्या झडपा असत, त्यातून तापलेली हवा बाहेर जाई.

बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकरांच्या घरांत थंडाव्याचा संबंध थेट पोटाशी होता. खड्डामागावर बसणारा विणकर पाय जमिनीखालच्या खड्ड्यात सोडून बसतो, ताणा, म्हणजे उभे सूत, जमिनीलगत राहतो. जमिनीची ओल सुताला मिळते, सूत तुटत नाही. कोरड्या, तापलेल्या खोलीत सूत तुटले की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. म्हणून मागाची खोली सारवलेली, कमी उजेडाची आणि जाड भिंतींची असे. यंत्रमाग आले तशी ही खोली गेली. सिमेंटच्या पत्र्याखाली, सिमेंटच्या फरशीवर यंत्रे बसली. दुपारच्या पाळीत त्या पत्र्याखाली उभे राहून काम करणाऱ्यांचा विचार तेव्हा फारसा कोणी केला नाही.

खरा वळणबिंदू १९८० चे दशक. तोवर सिमेंट परमिटवर मिळे आणि घराच्या कामासाठी त्याची वाट पाहावी लागे. १९८२ मध्ये हे नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण. त्याच काळात लाकूड दुर्मीळ होत गेले. १९८० चा वनसंरक्षण कायदा आला आणि १९९६ च्या डिसेंबरमधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीला आणखी आळा बसला. तुळया, वासे, रिपा यांचा खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. खानापूरसारख्या जंगलाला लागून असलेल्या तालुक्यातही घरासाठी चांगले लाकूड मिळणे कठीण झाले. सिमेंट सोपे आणि लाकूड अवघड, या कात्रीत कौल सापडले.

कौल उतरवून स्लॅब घालायचा का, यावर घराघरांत वाद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत. स्लॅबच्या बाजूने बोलणाऱ्यांची कारणे खोटी नव्हती. माकडे कौले फोडतात. शाकारणीला माणसे मिळत नाहीत. पुण्या-गोव्यात नोकरी करणाऱ्या मुलांना वर्षाकाठी एकदा येऊन छप्पर बघणे जमत नाही. स्लॅबवर उद्या दुसरा मजला चढवता येतो, मिरच्या-पापड वाळवता येतात. सोयरीक जमवतानाही स्लॅबच्या घराचे वजन वेगळे. जनगणनेच्या वर्गवारीत भाजलेल्या कौलाचे छप्परही पक्के धरले जाते, पण गावात पक्के घर म्हणजे स्लॅबचे, हेच रूढ झाले. १९८५ नंतरच्या घरकुल योजना आणि पुढे १९९० च्या दशकातील राज्याच्या आश्रय योजनेची घरे या काळात हा समज घट्ट होत गेला.

त्यावर शिक्का मारला २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराने. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय अशा सगळ्याच नद्या एकदम चढल्या आणि जिल्ह्यात मातीच्या भिंतींची घरे मोठ्या संख्येने बसली. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख रुपयांची मदत जाहीर झाली आणि नवी घरे उभी राहिली ती काँक्रीटच्या ठोकळ्यांची, वर स्लॅब. डोळ्यांदेखत भिंत विरघळताना पाहिलेल्या माणसाला मातीचे गुण सांगायला जाऊ नये. तरीही एक गोष्ट नोंदवायलाच हवी. पडल्या त्या पाण्यात भिजलेल्या भिंती. तेवढ्याने कौल दोषी ठरत नाही. दगडी जोते आणि भाजलेल्या विटांची भिंत यांवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा करून कौल चढवता येते, लाकूड लागत नाही. हा मधला मार्ग फार कमी ठिकाणी कोणी दाखवला.

स्लॅबखाली घर का तापते, हे थोडे तपशिलाने सांगायला हवे, कारण उपाय त्यातूनच निघतात. उन्हातला राखाडी स्लॅब आपल्यावर पडणाऱ्या उन्हाचा बराचसा भाग शोषतो. दहा-बारा सेंटिमीटरच्या काँक्रीटमधून ही ऊब खालच्या अंगाला पोचायला तीन-चार तास लागतात. म्हणजे दुपारचे ऊन घरात संध्याकाळी उतरते. बाहेर वारा सुटून गारवा आलेला असतो आणि आत दहा-अकरा वाजेपर्यंत छत भट्टीसारखे धगधगत राहते. पंखा लावला तर छताजवळची तीच गरम हवा अंगावर येते. कौल पातळ असते, दुपारी तेही तापते आणि माळा नसेल तर खाली बसवत नाही. पण फटींतून हवा खेळत असल्याने सूर्य कलला की ते लवकर निवते. रात्रीच्या गारव्याचा फायदा कौलाला मिळतो, स्लॅबला मिळत नाही.

शहरात भर पडली ती तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटांची. भिंतीला भिंत लागली, बाजूच्या खिडक्या नावापुरत्या उरल्या, आरपार वारा बंद झाला. बेळगाव-खानापूर रस्त्याच्या रुंदीकरणात कडेची जुनी झाडे गेली. पतसंस्था, दवाखाने, दुकाने यांच्या दर्शनी भागावर काचा आणि चकचकीत पत्रे चढले. पश्चिमेकडे तोंड असलेल्या काचेच्या कचेरीत दुपारी तीननंतर एसीशिवाय बसणे अशक्य होते. ही गरज हवामानातून आलेली नाही, इमारतीच्या नकाशातून आलेली आहे.

गच्चीचा चुना आला तो याच काळात, बऱ्याच अंशी तोंडोतोंडी. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, कापडातून गाळायचा, त्यात डिंक किंवा सुतारकामाचा पांढरा गोंद घालायचा आणि गच्ची झाडून, धुऊन, संध्याकाळच्या वेळी आडवा एक नि उभा एक असे दोन हात मारायचे. भर उन्हात मारला तर तो पापुद्रे धरतो. ताजा पांढरा चुना बहुतांश ऊन परतवतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. मर्यादा मात्र आहेत. वळवाच्या पावसात तो थोडा जातो, पावसाळ्यात उरलेल्यावर शेवाळ धरते. बेळगाव-खानापूरकडे तो दर वर्षीच मारावा लागतो, अथणी-चिकोडीकडे जास्त टिकतो. गळतीसाठी स्लॅबवर लोखंडी पत्र्याची शेड घालण्याची पद्धत पश्चिमेकडे आधीपासून आहे. चारही बाजू मोकळ्या ठेवल्या तर तीच शेड उन्हालाही आडोसा होते. बाजू बंद करून खोली केली की फायदा संपला.

पाण्याच्या कूलरची गोष्टही दिशेवर ठरते. हवा कोरडी असेल तरच तो गारवा देतो. मेअखेरीस पश्चिमेचे दमट वारे सुरू झाले की खानापुरात त्याचा उपयोग घटतो. अथणीत तो उत्तम चालतो, पण तिथे उन्हाळ्यात पाणीच कमी.

२०२३ नंतर हिशेब बदलला. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचे स्टार लेबल सक्तीचे झाले. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, ब्रश नसलेल्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. त्याच वर्षी कर्नाटकात घरगुती ग्राहकांना २०० युनिटपर्यंत वीज मोफत देणारी गृहज्योती योजना आली. मागच्या सरासरी वापराहून दहा टक्के जास्त अशी प्रत्येकाची वेगळी मर्यादा ठरली आणि २०० ओलांडले की पूर्ण बिल. दीड टनाचा एसी रोज काही तास चालला तर हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. त्यामुळे अनेक घरांत एसीचा विचार मागे पडला आणि चुना, पंखा, शेडनेट पुढे आले.

धोरण मात्र अजून दूर आहे. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्राचा शीतकरण आराखडा आला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरण केले. सीमाभागातल्या मराठी माणसाला उष्णतेच्या सूचना मराठीत मिळतात त्या बहुधा सांगली-कोल्हापूरच्या बातम्यांतून. त्याच्या स्वतःच्या तालुक्याच्या सूचना कन्नडमध्ये निघतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनची ही अडचण उन्हाळ्यातही सुटत नाही. आणि निवासी इमारतींसाठीची २०१८ ची ऊर्जासंहिता, जिच्यात भिंतीतून, छपरातून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली आहे, ती बेतली गेली ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. तीस बाय चाळीसचा प्लॉट भरतो १११ चौरस मीटर.