एक बाय एक, सोळा गेज

“मामा, तू मागून धर, मी पुढून. तीन म्हटलं की उचल.”

भोसरीतल्या भाड्याच्या शेडमध्ये भाच्याने हे फर्मान काढलं तेव्हा मी मनातल्या मनात हाडांच्या डॉक्टरांचा नंबर आठवत होतो. समोर आम्ही स्वतः बांधत असलेल्या गाडीचा तीन मीटर लांबीचा लोखंडी सांगाडा. मध्ये दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील एवढी जागा, पुढे इंजिनाचा खण. तीन म्हणून झालं आणि तो इतका अलगद वर आला की मीच तोल जाऊन मागच्या ड्रिल मशीनला टेकलो. ४० मीटर पाइप, मीटरला जेमतेम १.१७ किलो, म्हणजे ४७ किलो. सिमेंटचं एक पोतं, तेही दोघांत.

पाइपही काही खास मागवलेला नव्हता. लोखंडाच्या दुकानात ‘एक बाय एक, सोळा गेज’ म्हणून मिळतो तोच. पाव शतकापूर्वी आमच्या सोसायटीचं गेट त्याच मापाच्या पाइपचं केलं होतं. बाहेरून २५ मिमी चौकोन, भिंत १.६ मिमी. वॉचमन दोनदा पाय ठेवून चढला की त्या गेटचा कोपरा खाली येतो. मग त्याच पाइपवर इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन माणसं ठेवून वळणावर गाडी फेकायची म्हणजे काय?

आमच्या गाडीची कल्पना मूळची इंग्लंडची. कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. त्याने १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ आणली: बारीक पाइपांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दार नाही, डिकी नाही, वर छप्पर म्हणजे नावाला कापड. तिकडे तेव्हा तयार गाडीवर जबर खरेदीकर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणून सेव्हन खोक्यांतून विकली जायची आणि गिऱ्हाईक आपल्या गॅरेजमध्ये पाने घेऊन बसायचं. १९७३ मध्ये व्हॅट आला, ही पळवाट बुजली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. गाडी आजही बनते. तिचं सगळ्यात हलकं रूप, ‘सेव्हन १७०’, भरतं ४४० किलो, आणि त्यात इंजिन आहे सुझुकीचं, ६६० सीसीचं, तीन सिलिंडरचं. महाराष्ट्रालाही हा नाद जुनाच. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्याच वळणाची ‘रोडस्टर’ काढली होती, इसुझुचं १.८ लिटर इंजिन घालून.

हलकेपणाचं काय एवढं? पळायला बरी, हे कुणीही सांगेल. मला थांबण्याचा हिशेब जास्त आवडतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी ११०० किलोंची गाडी थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तेवढ्यात अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. अमृततुल्यच्या चार-पाच कपांचं आधण झालं. ५५० किलोंच्या गाडीला निम्मं आधण पुरतं. उष्णता कमी म्हणून डिस्क लहान चालते, डिस्क लहान म्हणून चाक लहान चालतं, चाक हलकं म्हणून त्याला धरणाऱ्या दांड्या बारीक चालतात. एका ठिकाणी वाचलेला किलो पुढे आणखी थोडं वजन वाचवून देतो. उलटही तितकंच खरं. एसी बसवा, मग त्याच्यासाठी मोठा अल्टरनेटर, मग थोडं दणकट इंजिन, मग जाड स्प्रिंग. आपल्या हॅचबॅक अशाच फुगल्या.

टायरचं गणित मात्र शाळेत शिकवलेल्या घर्षणात बसत नाही. शाळेत सांगतात, घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं. तसं असेल तर ट्रक आणि सेव्हन एकाच वेगाने वळण घेऊ शकले पाहिजेत. जड गाडीला जोर जास्त लागतो, पण पकडही तेवढीच जास्त मिळते, वजन दोन्हीकडून कटतं. रबर हे ऐकत नाही. ते रस्त्याच्या खडबडीत दाण्यांमध्ये दाबून बसतं, आणि भार दुप्पट केला तरी रस्त्याला खरोखर टेकलेलं रबर दुप्पट होत नाही. पकड वाढते, पण भारापेक्षा कमी वेगाने. म्हणून त्याच टायरवर हलकी गाडी जास्त घट्ट धरून वळते. वळताना आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं तेव्हाही हाच घाटा होतो: बाहेरचे टायर जेवढं कमावतात त्याहून जास्त आतले गमावतात. सेव्हनमध्ये बसलं की हात खाली सोडला तर बोटं जमिनीला लागतात, ते नुसत्या मिजाशीपायी नाही. गुरुत्वमध्य खाली असला की हे वजन कमी सरकतं.

आता गेटकडे परत येऊ. गेट लोंबतं कारण चौकोन मुळात मोडका असतो. चार काड्या टोकाला टाचण्यांनी जोडा, बोटाने ढकला, पतंग होतो. एक तिरपी काडी टाका, हलत नाही. त्रिकोणात प्रत्येक काडीवर फक्त ताण किंवा दाब येतो, वाकण्याची पाळीच येत नाही. आणि बारीक पाइप वाकायला कच्चा असला तरी ताणाला भलताच खमका असतो. सांगाड्यात चौकोन दिसला की तिरपा पाइप, एवढंच व्याकरण.

गाडीचा खरा शत्रू मात्र पीळ. एक पुढचं चाक खड्ड्यात, बाकी तीन वर, की सांगाडा ओल्या टॉवेलसारखा पिळला जातो. तो पिळला तर चाकांचे कोन बिघडतात, स्प्रिंग आपलं काम करण्याआधी सांगाडाच स्प्रिंग होतो. पीळ काय करतो हे पाहायला कॅलेंडरची पुठ्ठ्याची नळी घ्या. पिळून बघा, दाद देत नाही. मग कात्रीने उभी एक चीर मारा आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तेवढाच आहे, एक ग्रॅमही कमी झालेला नाही, पण नळी हातात शेवयांसारखी वळते. आमच्या पाइपएवढ्या व्यासाची आणि जाडीची गोल पोलादी नळी घेतली तर नुसत्या चिरेने पिळाविरुद्धचा ताठपणा दीडशेहून जास्त पटींनी घटतो. बंद खोका ताठ, उघडा खोका ढिला. आणि गाडीत माणसं बसवायची तर झाकण काढावंच लागतं! म्हणून दोन सीटांच्या मधून जाणारा बोगदा, ज्यात इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारी प्रोपेलर शाफ्ट फिरते, तो सगळ्या बाजूंनी बांधून घेतात. तोच सांगाड्याचा कणा ठरतो. १९६२ मध्ये चॅपमनने ‘लोटस २५’ या रेसच्या गाडीत पाइप जवळजवळ सोडूनच दिले आणि पत्र्याचे बंद खोके वापरले. विचार मात्र पुठ्ठ्याच्या नळीचाच.

आम्ही हे मोजलं. सांगाड्याचे मागचे दोन कोपरे जमिनीला बोल्टने आवळले, पुढे मधोमध एक टेकू, आणि आडव्या पाइपच्या मीटरभर लांब टोकाला मी उभा. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, पण वजनाचा ठोकळा म्हणून उपयोग पहिल्यांदाच झाला. सांगाडा साधारण एक अंश पिळला. भाच्याने इंजिनाच्या खणात वरच्या बाजूला एक तिरपा पाइप टॅक मारला, म्हणजे वेल्डिंगच्या नुसत्या ठिपक्यांनी जोडला, पाऊण किलोचा. पुन्हा मी उभा. पीळ दोन तृतीयांशावर आला. गेटमध्ये ओतलेलं सगळं लोखंड मला त्या क्षणी वाया गेल्यासारखं वाटलं.

वेल्डिंगबद्दल एवढंच सांगतो की सांगाडा एका दिवसात पुरा करायची घाई ज्याने केली त्याची गाडी केळ्यासारखी होते. वितळलेला सांधा थंड होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो. म्हणून आधी सगळीकडे फक्त टॅक, गुण्या लावून कोन तपासायचे, मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने.

इंजिन कुठलं, यावर घरात महिनाभर वाद झाला. भाच्याला मोटरसायकलचं हवं होतं: हलकं, गर्रकन फिरणारं. पण त्याला रिव्हर्स गिअर नसतो आणि साडेपाचशे किलो रोज हाताने मागे ढकलायला मी मोकळा नाही. समोरच्या चाकांना जोर देणाऱ्या नेहमीच्या गाड्यांची इंजिनं आडवी बसवलेली असतात. सेव्हनच्या अरुंद नाकात ती मावत नाहीत. उभं इंजिन आणि मागच्या चाकांना जोर, अशी स्वस्त जोडी आपल्याकडे व्हॅनमध्ये सापडते. शेवटी एका अपघाती मारुती ईकोचं १.२ लिटर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल ठरला. ७३ हॉर्सपॉवर. ईकोत ते सव्वानऊशे-साडेनऊशे किलो ओढतं, आमच्याकडे ५४८. टनामागे ७८ ऐवजी १३३ हॉर्सपॉवर, इंजिनाचा एक नटही न उघडता. बदल करायचेच तर लोक आधी इंजिनाकडे धावतात. माझं मत उलट आहे. अर्थात वरच्या वेगात ही हुशारी संपते. सेव्हनचं नाक आणि उघडी चाकं हवेला भिंतीसारखीच. वेग दुप्पट केला की हवेला कापायला आठपट शक्ती लागते आणि तिथे हलकेपणा कामाला येत नाही.

व्हॅनची शाफ्ट लांब, आमचा बोगदा आखूड. शाफ्ट कापून पुन्हा जोडायची होती. तिच्या दोन्ही टोकांना यूजे क्रॉस असतात, म्हणजे रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखला जाणारा सांधा. या सांध्यात एक खोड आहे. शाफ्ट सरळ रेषेत असेल तर ठीक, पण थोडा कोन असला की पुढची बाजू एकसारखी फिरत असूनही मागची प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. सहा अंशांच्या कोनात हा फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या टोकाचा सांधा तेवढ्याच कोनात ठेवला आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे सांध्याला धरणारे दुबेळके, एका रेषेत असले की तो नेमकी उलटी चूक करतो आणि हिशेब मिटतो. कापण्याआधी भाच्याने खडूने रेघ मारली होती. शाफ्टवर ग्रीस लागलंय म्हणून ती मी कॉटन वेस्टने स्वच्छ पुसली. योक नव्वद अंशांनी फिरून जोडले गेले, चुका मिटण्याऐवजी दुप्पट झाल्या, आणि शेडमागच्या मोकळ्या प्लॉटवर पहिल्या फेरीतच सीटखालून असा थरथराट आला की भाच्याला वाटलं गिअरबॉक्सच गेला. पुन्हा कापणं, पुन्हा जोडणं, पुन्हा बॅलन्सिंग. तेव्हापासून कापूस माझ्या हाताला लागू देत नाहीत.

ईकोच्याच मागच्या स्प्रिंगा ठेवल्या होत्या, त्याही गेल्या. स्प्रिंग तीच आणि वरचं वजन जवळजवळ निम्मं, की गाडीची डुलण्याची लय तिसऱ्या हिश्शाने चढते. प्लॉटवरच्या प्रत्येक ढेकळावर मागचं चाक उडायचं. मडगार्ड फायबरचे, ते गणपतीच्या देखाव्यांचं काम करणाऱ्या एका कारागिराने करून दिले, पण श्रावणात त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही. पत्र्याचं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड थेट भिडले आणि मध्ये पावसाचं पाणी शिरलं की तिथे बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. दोघांच्या मध्ये सीलंटचा थर, आणि पत्रा ठोकायच्या रिव्हेटही तशाच जपून.

रस्त्यावर कधी आणणार, असं सगळे विचारतात. नाही आणणार. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकेक गाडी तपासून पास करायची सोय आहे. आपल्याकडे मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीच्या कागदात लिहिलेल्या गोष्टी बदलू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं, आणि नव्या गाडीला लागणारी चाचण्यांची मालिका कारखान्यांना परवडते, मामा-भाच्यांना नाही. कोथरूडच्या माझ्या गॅलरीतून एआरएआयची टेकडी दिसते. ही चाचण्या घेणारी संस्था १९६६ पासूनची. मी रोज सकाळी तिच्याकडे बघत चहा पितो आणि गाडी प्लॉटवर नाहीतर ट्रॅकवर, ट्रेलरवरून न्यायची.

गेल्या रविवारी शेवटचं काम होतं. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या आडत्याकडून कांद्याच्या गोण्या तोलायचे चार इलेक्ट्रॉनिक काटे आणले आणि एकेका चाकाखाली ठेवले. फरशी एका पातळीत आणायलाच दोन तास गेले. मग मला चालवणाऱ्याच्या जागी बसवलं. भाच्याचं आणि माझं वजन नेमकं सारखं आहे, ८८ किलो. तो उंच आहे म्हणून, मी इतर कारणांनी. पुढचं डावं १४४, पुढचं उजवं १४४, मागचं डावं १६५, मागचं उजवं १८३. तिरप्या जोड्या जुळवल्या तर एकीकडे ३२७, दुसरीकडे ३०९. डगमगत्या टेबलासारखं: पायांची लांबी बदला, एकूण वजन तेच राहतं, पण कुठल्या दोन पायांवर जास्त यायचं ते बदलतं. अशी गाडी डाव्या वळणाला एक आणि उजव्या वळणाला दुसरीच वागते.

भाचा उजव्या पुढच्या स्प्रिंगची चकती पान्याने फिरवत होता. थोडी वर, गाडी हलवायची, पुन्हा वाचायचं. पुढचं उजवं आणि मागचं डावं साडेचार-साडेचार किलोंनी चढलं, उरलेली दोन तेवढीच उतरली. ३१८, ३१८.

“श्वास रोखू नको रे मामा, त्याने वजन कमी होत नाही,” भाचा खालून म्हणाला. मग चकती लॉक केली, हात पुसले. “उतर आता. तू उतरलास की हे सगळं परत बिघडणार आहे.”