मायक्रोनीडलिंग : गडद त्वचेवरील काळ्या डागांसाठी

अतिशय बारीक सुयांनी त्वचेला ठरावीक खोलीपर्यंत असंख्य छिद्रे पाडून वांग, मुरुमांनंतर राहणारे काळे डाग व तत्सम रंजकाधिक्य कमी करण्याची उपचारपद्धती. मुळात ती व्रण आणि सुरकुत्यांसाठी रूढ झाली. काळ्या डागांसाठी तिचा वापर साधारणपणे २०१० नंतर वाढलेला दिसतो. प्रस्तुत नोंदीत गडद त्वचा म्हणजे फिट्झपॅट्रिक श्रेणीतील (त्वचेचा रंग व उन्हाला तिचा प्रतिसाद यांवरून केलेल्या सहा प्रकारांपैकी) चौथा ते सहावा प्रकार. टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ही श्रेणी गोऱ्या त्वचेवरील प्रकाशोपचाराची मात्रा ठरविण्यासाठी मांडली होती. पाचवा व सहावा प्रकार तीत पुढे जोडला गेला. त्यामुळे रंजकविकारांच्या संदर्भात ती सोयीची असली, तरी नेमकी मानता येत नाही.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोणापासून धरावा याविषयी एकमत नाही. काही लेखक तो १९०५ पर्यंत मागे नेतात. त्या सुमारास जर्मन त्वचारोगतज्ज्ञ एर्न्स्ट क्रोमायर यांनी दंतवैद्यकातील फिरत्या हत्याराने त्वचा घासून व्रण व डाग घालविण्याचा प्रयत्न केला होता. परंतु ते घर्षण होते, वेध नव्हे. त्यात बाह्यत्वचा निघून जाते आणि मायक्रोनीडलिंगमध्ये ती जागेवर राहते. हा फरक गडद त्वचेच्या बाबतीत निर्णायक असल्याने क्रोमायर यांना या पद्धतीचे पूर्वसूरी म्हणणे ओढूनताणून केल्यासारखे वाटते. अधिक ग्राह्य परंपरा १९९५ पासून सुरू होते. त्या वर्षी डेव्हिड व नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी खोलगट व्रणांच्या तळाशी सुई फिरवून तेथील तंतू सोडविण्याची ‘सबसिजन’ क्रिया वर्णिली.

१९९७ मध्ये कॅनडातील कामिरां व दूसे यांनी प्रसिद्ध केलेले निरीक्षण काळ्या डागांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. शस्त्रक्रियेनंतरचे पांढुरके व्रण झाकण्यासाठी त्यांनी त्यांवर त्वचेच्या रंगाचे गोंदण केले होते. कालांतराने गोंदणाचा रंग ओसरला, तरी व्रण मऊ झाले आणि त्यांत नैसर्गिक रंजक परतल्याचे आढळले. मग त्यांनी गोंदणयंत्र रंगाविनाच वापरून पाहिले. म्हणजे आज डाग फिकट करण्यासाठी जी क्रिया योजली जाते, तिची पहिली नोंद फिकट जागी रंग परत आणल्याची आहे. वेधाने रंजक घटतेच असे नाही, ही गोष्ट पुढील बऱ्याच लेखनात दुर्लक्षिली गेली.

केप टाउन येथील प्लॅस्टिक सर्जन डेझमंड फर्नांडिस यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सुया बसविलेले लाटण्यासारखे साधन वापरात आणले व २००५ मध्ये आपली पद्धत सविस्तर मांडली. रोलरचे श्रेय बहुधा त्यांना दिले जाते. जर्मनीतही जवळपास त्याच काळात तशी साधने तयार होऊ लागली होती. विजेवर चालणारी, पेनसारखी धरता येणारी साधने नंतरची.

याहून निराळी अशी दुसरी परंपरा औषधशास्त्रातील आहे. सूक्ष्म सुयांमधून त्वचेत औषध सोडण्याच्या कल्पनेचे अमेरिकी पेटंट गर्स्टेल व प्लेस यांना १९७६ मध्ये मिळाले. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठातील संशोधकांनी सिलिकॉनच्या सूक्ष्म सुयांनी त्वचेची पार्यता (पदार्थ आरपार जाऊ देण्याची क्षमता) अनेक पटींनी वाढते असे दाखविले. त्वचाविज्ञानातील ग्रंथ या शाखेला सहसा तळटिपेत टाकतात. वांगाच्या उपचारात मात्र मायक्रोनीडलिंगचा जो भाग खात्रीने उपयोगी ठरलेला दिसतो, तो याच शाखेचा वारस आहे.

गडद त्वचेचे वैशिष्ट्य : मेलॅनीन तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या व काळ्या त्वचेत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनीनच्या कणांचा आकार, त्यांची विखुरण आणि टिकाऊपणा यांत. शिवाय गडद त्वचेतील या पेशी दाहाला चटकन प्रतिसाद देतात. त्यामुळे पुटकुळी, भाजणे किंवा खाजविणे अशा क्षुल्लक कारणांनीही महिनोन् महिने डाग राहतो. लेसरची अडचण येथेच येते. लेसरचा प्रकाश मेलॅनीन शोषून घेते, पण ते डागातले की निरोगी बाह्यत्वचेतले, हा भेद प्रकाशाला कळत नाही. उष्णतेने दाह होतो आणि डाग पूर्वीपेक्षा गडद होण्याचा धोका राहतो. सुईला मेलॅनीनशी कर्तव्य नसते, उष्णताही निर्माण होत नाही आणि छिद्रे एक ते तीन दिवसांत वरून भरून येतात. गडद त्वचेसाठी ही पद्धत सुचविण्यामागील मुख्य तर्क हा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात ऑस्ट व सहकाऱ्यांना वेधानंतर मेलॅनीन पेशींची संख्या बदललेली आढळली नाही व दाहशामक इंटरल्यूकिन–१० वाढलेले आढळले. निष्कर्ष आश्वासक असले, तरी उंदराच्या त्वचेवरून माणसाच्या चेहऱ्याविषयी किती बोलावे याला मर्यादा आहे.

वांगाची रचना मुरुमांच्या डागांहून गुंतागुंतीची असते. त्यात रंजकाबरोबरच आधारपटलाची (बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांमधील पातळ पडद्याची) हानी, सूर्यप्रकाशाने जीर्ण झालेले लवचीक तंतू, वाढलेल्या रक्तवाहिन्या व मास्ट पेशी आढळतात. आधारपटल फाटलेल्या जागी मेलॅनीन अंतस्त्वचेत उतरते आणि तेथील भक्षक पेशींत साठून राहते. वेधानंतरच्या भरून येण्यात अंतस्त्वचेचा वरचा थर व आधारपटल सुधारतो, असे ब्राझीलमधील लहान ऊतक-अभ्यासांत सुचविले आहे. छिद्रांवाटे रंजक बाहेर टाकले जाते हे दुसरे स्पष्टीकरण वारंवार उद्धृत होते, पण त्याला पुरावा तोकडा आहे.

परिणामकारकता : इटलीतील फाब्रोचीनी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वीस रुग्णांच्या चेहऱ्याच्या एका बाजूस केवळ रंजकनाशक द्रव, तर दुसऱ्या बाजूस तोच द्रव वेधासह वापरला. वेध केलेली बाजू अधिक उजळली. ब्राझीलमधील रेसिफे येथील एमर्सन लिमा यांनी २०१५ मध्ये अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या वांगाच्या २२ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांनी १.५ मिमी. सुया वापरल्या आणि वेधानंतर हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारे औषध), ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड यांचे त्रिमिश्रण आणि सनस्क्रीन चालू ठेवले. परिणाम चांगले होते, पण तुलनेचा गट नसल्याने यश सुईचे की मलमाचे हे त्यावरून ठरत नाही.

बंगळूर येथील बुडामाकुंटला व सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास या विषयात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्यांपैकी आहे. त्यात ६० रुग्णांपैकी निम्म्यांना ट्रॅनेक्झॅमिक आम्ल सूक्ष्म इंजेक्शनांनी व निम्म्यांना वेधासह दिले. वांगाच्या तीव्रतेच्या ‘मासी’ गुणांकात अनुक्रमे ३५.७२ व ४४.४१ टक्के घट झाली; दोहोंतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे मूळचे रक्तस्राव रोखणारे औषध. १९७९ मध्ये जपानमध्ये निजो यांना ते वांगावर उपयोगी पडत असल्याचे आढळले. प्लाझ्मिन या रक्तातील विकराची क्रिया रोखून ते मेलॅनीननिर्मितीस चालना देणारे दाहजनक घटक कमी करते. त्याचा रेणुभार जेमतेम १५७ आहे, म्हणजे त्वचेतून शिरण्यास आकाराची आडकाठी नाही. परंतु ते जलस्नेही असल्याने मेदयुक्त शृंगस्तर (त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर) त्याला अडवितो आणि सुईची छिद्रे नेमका हा अडथळा ओलांडून देतात. एकंदरीत पाहता मायक्रोनीडलिंग हा स्वतंत्र उपचार मानण्यापेक्षा औषध पोहोचविण्याचे साधन मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

क्रिया : भूल देणारे मलम लावून, ते पूर्ण पुसून व त्वचा निर्जंतुक करून रोलर उभा, आडवा व तिरपा फिरवितात. नेहमीच्या रोलरवर १९२ सुया असतात. पंधरा वेळा फिरविल्यास दर चौ. सेंमी.स सुमारे २५० छिद्रे पडतात. डागांसाठी ०.५ ते १.५ मिमी. लांबी प्रचलित आहे. त्वचा दाबली जात असल्याने प्रत्यक्ष वेध सुईच्या लांबीहून उथळ असतो. चेहऱ्यावरील बाह्यत्वचा ०.१ मिमी.च्या आसपासच असते, तेव्हा लांब सुईचा आग्रह डागांच्या बाबतीत अनाठायी म्हणावा लागेल. बहुधा चार आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा बैठका होतात.

सूर्यप्रकाशापासून संरक्षण हा उपचाराचाच भाग आहे. गडद त्वचेत केवळ अतिनील किरणच नव्हे, तर दृश्य प्रकाशही रंजक वाढवितो, म्हणून लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन श्रेयस्कर ठरते.

धोके : लाली व सूज काही दिवसांत ओसरते. दाहोत्तर काळेपणा लेसरपेक्षा कमी आढळतो, तथापि तो होतच नाही हे विधान टिकणारे नाही. जास्त दाब दिल्यास रुळांसारखे समांतर व्रण उमटू शकतात. ओठांभोवती फोड आणणारा हर्पीस पुन्हा उलटणे व जंतुसंसर्ग हे इतर धोके. त्वचेवर लावण्याकरिता बनविलेले प्रसाधन छिद्रांवाटे आत गेल्यास गाठी उद्भवू शकतात. असे रुग्णवृत्त २०१४ मध्ये तीन स्त्रियांविषयी प्रसिद्ध झाले. त्यांत क जीवनसत्त्वाच्या सीरमचा संबंध आढळला होता. केलॉइडची (व्रण जाड होऊन वाढत जाण्याची) प्रवृत्ती, चालू मुरूम व संसर्ग असताना क्रिया टाळतात. कोड, सोरायसिस व लायकेन प्लॅनस यांत इजा झालेल्या जागी रोग नव्याने उमटू शकतो. लायकेन प्लॅनसचा रंजकयुक्त प्रकार गडद चेहऱ्यावर वांगासारखाच दिसतो, तर हायड्रोक्विनोनच्या दीर्घ वापराने होणारा ऑक्रोनोसिस हा निळसर-काळपट डागही वांगच समजला जाण्याची शक्यता असते. त्यामुळे वेधापूर्वी निदान पक्के करणे अगत्याचे आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१८ मध्ये मायक्रोनीडलिंगच्या पहिल्या साधनास परवानगी दिली, ती २२ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींच्या चेहऱ्यावरील मुरुमांच्या व्रणांसाठी. वांगावरील वापर त्या परवानगीत नव्हता.

चेहऱ्याबाहेरील डागांविषयीचे लेखन विरळ आहे. मान व काखेतील जाड काळेपणामागे अनेकदा इन्शुलीन-रोध असतो आणि तेथे त्वचेवरील उपचार दुय्यम ठरतात. डोळ्यांखालील काळेपणाबाबत काही लहान अभ्यास झाले आहेत. परंतु त्यात रंजक, पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या आणि खोबणीची सावली यांचा वाटा रुग्णागणिक बदलतो.