कार्ल फॉन म्युलर (एमडेनचा कॅप्टन)

कार्ल फॉन म्युलर हा पहिल्या महायुद्धातला जर्मन नौदल अधिकारी, एमडेन या क्रूझरचा, म्हणजे वेगवान युद्धनौकेचा, कॅप्टन. जन्म १६ जून १८७३, हानोव्हर. १८९१ ला नेव्हीत भरती झाला, तरुणपणी पूर्व आफ्रिकेत ड्युटीवर असताना मलेरिया झाला आणि त्याने शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही.

१९१३ मध्ये एमडेन त्याच्या हाती आली. तिचा तळ चीनमधलं त्सिंगताव. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटल्यावर जर्मन ॲडमिरल श्पेचं सगळं स्क्वाड्रन (जहाजांचा ताफा) पॅसिफिक ओलांडून निघालं, तेव्हा म्युलरने सुचवलं की एक जहाज हिंदी महासागरात पाठवा, इंग्रजांचा माल तिथूनच जातो, आणि ते काम त्यालाच मिळालं. सोबत फक्त मार्कोमानिया ही कोळशाची बोट. एमडेनला धुराडी तीन, म्हणून कॅनव्हासचं चौथं खोटं धुराडं उभं केलं, म्हणजे लांबून ती ब्रिटिश युद्धनौका यार्मथ वाटावी!

१० सप्टेंबरला बंगालच्या उपसागरात इंडस सापडली. सैनिक न्यायला कलकत्त्याहून मुंबईला निघालेली ही बोट, तिच्यावर साबणाचा भरपूर साठा होता, आणि एमडेनवरचा साबण तर संपत आलेला. आधी साबण काढून घेतला, मग बोट बुडवली. पण त्याआधी माणसं उतरवून घेतली, हा नियम म्युलरने व्यापारी जहाजांच्या बाबतीत कटाक्षाने पाळला. सगळे कैदी काबिंगा नावाच्या पकडलेल्या बोटीवर चढवून सोडून दिले, तर जाताना त्यांनी एमडेनचाच जयजयकार केला. मला तरी युद्धाच्या इतिहासात अशी उदाहरणं फार दिसत नाहीत.

२२ सप्टेंबरच्या रात्री मद्रास. बर्मा ऑइलच्या टाक्यांवर सव्वाशेच्या आसपास गोळे टाकले, रॉकेल पेटलं, बंदरात किमान पाच माणसं मेली. हे विसरून चालणार नाही, सज्जन कॅप्टनच्या तोफाही माणसंच मारतात. पुढे कित्येक दिवस लोक शहर सोडून पळत होते, आणि तमिळमध्ये पोचलेल्या वस्ताद माणसाला एमडेन म्हणायची पद्धत तेव्हापासूनची.

ऑक्टोबरमध्ये हिंदी महासागरातल्या डिएगो गार्सिया बेटावर थांबला, तिथल्या लोकांना युद्ध सुरू झाल्याचंच माहीत नव्हतं, जर्मनांनी त्यांची मोटरबोटसुद्धा दुरुस्त करून दिली. २८ तारखेला पहाटे पेनांग बंदरात घुसून रशियन युद्धनौका झेमचुग आणि बाहेर पडताना फ्रेंच युद्धनौका मुस्के बुडवली.

शेवट ९ नोव्हेंबरला, कोकोस बेटांवर. तारयंत्राचं स्टेशन उडवायला माणसं किनाऱ्यावर उतरवली, पण स्टेशनवाल्यांनी खोटं धुराडं ओळखून आधीच संदेश पाठवला होता. ऑस्ट्रेलियाची युद्धनौका सिडनी धावून आली, तिच्या सहा इंची तोफांपुढे एमडेनच्या साडेदहा सेंटिमीटरच्या तोफा काय टिकणार. पहिला मारा एमडेनचाच अचूक बसला, पण मग ती चाळणी झाली आणि म्युलरने ती तिथल्याच नॉर्थ कीलिंग बेटाच्या प्रवाळखडकावर चढवली, म्हणजे उरलेली माणसं तरी वाचतील. १३० च्या वर माणसं गेली.

पुढे माल्टात कैद, मग इंग्लंड. १९१७ मध्ये तिथल्या छावणीतून बोगदा खणून निसटला, पण पकडला गेला. मलेरिया बळावला म्हणून आधी हॉलंडला, तिथून १९१८ मध्ये मायदेशी. जर्मनीने पुर ल मेरिट हा मोठा लष्करी सन्मान दिला. आठवणी लिहा म्हणून मागणी बरीच होती, त्याने नकार दिला, सोबत्यांच्या रक्तावर पैसा कमावल्यासारखं वाटेल म्हणून. ११ मार्च १९२३ ला वारला, वय ४९.