कुंडीतला क्रोटन आणि वनस्पतिशास्त्रातला क्रोटन

रंगीबेरंगी पानांच्या ज्या झुडपाला सगळे क्रोटन म्हणतात, ते क्रोटन या प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) नाही. हे इतक्यांदा तोंडी सांगून झाले आहे की आता एकदा लिहून ठेवलेले बरे. त्या झुडपाचे शास्त्रीय नाव कोडिएम व्हेरिगेटम. जिचे नाव खरोखर क्रोटन आहे ती प्रजाती बाराशेहून अधिक जातींची असून त्यांतली आपल्या ऐकण्यातली जात म्हणजे जमालगोटा, अर्थात क्रोटन टिग्लियम.

शोभेच्या झुडपाचे वर्णन करण्यात वेळ घालवत नाही, कारण ते प्रत्येकाने पाहिलेले असते. पाने जाड व चकचकीत असतात, काही रुंद, काही पट्टीसारखी, काही पिळवटलेली, तर काहींचे पाते मध्येच संपून नुसती शीर उरते आणि पुढे पुन्हा पाते फुटते. उन्हात रंग चढतो, सावलीत हिरवेपणा वाढतो. हे सारे एकाच जातीचे वाण आहेत. एखाद्या फांदीत आपोआप झालेला बदल कलमाने टिकवूनही असे वाण मिळतात, त्यामुळे पानाचा आकार निराळा दिसला की ‘ही वेगळी जात’ म्हणण्याची सवय सोडावी.

घोळ थेट लिनियसपासूनचा, म्हणजे शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञापासूनचा आहे. १७५३ साली त्याने हे झुडूप क्रोटन प्रजातीत घातले. त्याच्या कितीतरी आधी आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहणाऱ्या रम्फियस या वनस्पती-अभ्यासकाने तिकडच्या स्थानिक नावावरून त्याला कोडिएम म्हटले होते, आणि १८२४ मध्ये आद्रियाँ द ज्युस्यू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तेच नाव घेऊन ही प्रजाती वेगळी काढली. बागकाम करणाऱ्यांनी मात्र जुने नाव सोडले नाही. बोलण्यात क्रोटन म्हणायला माझी हरकत नाही, मीही म्हणतो. परंतु ‘शास्त्रीय नाव’ असे लिहून त्यापुढे क्रोटन व्हेरिगेटम छापलेली पाटी दिसली की राहवत नाही.

लिनियसची गल्लत अगदीच निराधार नव्हती. दोन्ही झाडे एरंड कुलातली आहेत, दोन्हींत नर व मादी फुले वेगवेगळी असतात आणि फळ तीन कप्प्यांचे असते. नुसत्या डोळ्यांनी फसगत होते, म्हणून भिंग घ्यावे आणि कोवळ्या शेंड्याचे पान उलटे करून पाहावे. खऱ्या क्रोटनवर तारकाकृती लव दिसते, म्हणजे एकाच बिंदूतून केस चहूकडे फाकलेले असतात. काही जातींत त्यांचे चपटे, चंदेरी खवले होतात. कोडिएमचे पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते. कोवळाच शेंडा पाहायचा, कारण जमालगोट्याची जून पाने जवळजवळ गुळगुळीत होतात आणि तेवढ्यावर निवाडा करणारा हमखास चुकतो. बहुतेक क्रोटनांच्या देठावर, पाते सुरू होते तिथे, दोन बारीक ग्रंथीही असतात.

तरीही शंका उरली तर फुलोरा पाहावा. कोडिएममध्ये नर फुलांचा तुरा वेगळा आणि मादी फुलांचा वेगळा असतो, आणि नर फुले पुंकेसरांच्या पांढऱ्या झुबक्यांसारखी दिसतात. क्रोटनमध्ये बहुधा एकाच तुऱ्यावर खाली मादी फुले आणि वर नर फुले येतात. नर फुलाची न उमललेली कळी सुईने उघडली तर पुंकेसर आत वळून बसलेले दिसतात. हे लक्षण मला सर्वांत भरवशाचे वाटते. पानांच्या रंगाला मी या कामी शून्य किंमत देतो.

नावांची ही अदलाबदल निरुपद्रवी नाही. जमालगोट्याच्या बियांचे तेल अतितीव्र रेचक असून त्यातल्या फोर्बोल एस्टर या संयुगांमुळे कातडीवर फोड येतात. ‘क्रोटनच्या बिया जीवघेण्या असतात’ हे वाक्य त्या बियांविषयीचे आहे, पण ते उचलून कुंडीतल्या झुडपाला चिकटवले जाते. उलट बाजूने, कुंडीतले झाड घरोघरी असते म्हणून ‘क्रोटन’ नावाचे काहीही सौम्यच असणार, असेही कोणी समजतो, आणि ही समजूत पहिलीपेक्षा वाईट. कोडिएमही अगदी निर्दोष नाही. त्याच्या चिकाने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते आणि पाने-साल चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून छाटणीच्या वेळी हातमोजे घालावेत. त्याच्या बिया मात्र फारशा कोणी पाहिलेल्याही नसतात, कारण रोपे फाटे कलमाने किंवा गुटी कलमाने करतात. बियांपासून वाण तसाच उतरत नाही.

क्रोटन हा मूळ ग्रीक शब्द गोचिडासाठीचा, आणि तो बियांच्या रूपावरून पडला. एरंडाचे शास्त्रीय नाव रिसिनस, त्याचाही लॅटिन अर्थ गोचीडच. एरंडी हातात घेऊन पाहिलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.